माळाची मोईन : रक्षित रानें व सरकारी खजिना

जळकोट या नांवाचीं दोन गांवें मराठवाड्यांत आहेत आणि त्यामुळें दप्तरें चाळणाराचा कित्येकदां घोटाळा होतो. एक लातूर जिल्ह्यांतील, हल्लीं तालुक्याचें ठिकाण असलेलें. दुसरें धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांतील, नळदुर्गच्या पूर्वेस सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसलेलें. प्रस्तुत लेखांत आम्ही जळकोट म्हणतों तें हें दुसरें.

संशोधकाचें पाऊल या बाजूस पडतें तें बहुधा नळदुर्गाकरितां. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ मध्यें, बोरी नदीवर घातलेला बांध व त्याच्या पोटांतील पाणीमहाल पाहावा; १८५३ सालीं निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला तेव्हां मेडोज टेलर येथें अधिकारी होता, त्याची आठवण काढावी; १८६० सालीं मुलूख पुनः निजामाकडे गेला हें टिपून घ्यावें आणि परतावें, असा बहुतेकांचा परिपाठ आहे. किल्ल्यापासून जळकोटाकडे जातांना दोहों बाजूंस जो उघडा, खडकाळ, पावसाळ्यापुरता हिरवा माळ लागतो त्याकडे पाहण्याचें कोणास कारण पडत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर सरकारी खजिन्यासही तें कारण पडत नाहीं. वन्य प्राणी व वनस्पति यांच्या रक्षणाकरितां सरकार द्रव्य कोठून आणतें, तें कोठें जातें, आणि अशा माळापर्यंत तें कां पोहोंचत नाहीं, हें पाहण्याचा येथें हेतु आहे.

हा विषय वनखात्याचा. कागदपत्रें जमविणाऱ्या मंडळीस त्याचें काय, असा आक्षेप कोणी घेतील. परंतु एखादी भूमि न नांगरतां, न तोडतां तशीच राखावयाची तर तिचा खर्च व तिच्यामुळें बुडणारें उत्पन्न कोणाच्या नांवें मांडावयाचें, हा प्रश्न मुळांत ताळेबंदाचा आहे. आणि ताळेबंद, बेहडे, गांवझाडे व मोईनजाबते यांनीं तर आमच्या संग्राहकांच्या पेट्या भरलेल्या आहेत.

जुन्या कागदांत राखलेल्या भूमीस निरनिराळीं नांवें आढळतात. घोडदळाच्या वैरणीकरितां राखलेलें तें कुरण. शिकारी जनावरें राखलेलें आवार तो रमणा. गांवच्या गुरांकरितां सोडलेलें तें गायरान. देवाच्या नांवानें न तोडलेली ती देवराई. पर्वतीजवळच्या ज्या रमण्यांत पेशवे दक्षणा वांटीत त्या जागेच्या नांवांतही शिकारखान्याचीच आठवण आहे, हें पुण्यांतील पुष्कळांस आज ठाऊक नसतें. या प्रत्येक जातीच्या भूमीमागें राखण्याचें एक कारण होतें, आणि बहुधा खर्चाची एक तोंडमिळवणीही होती. कुरणाचें गवत हेंच त्याचें उत्पन्न. तें पागेस लागे म्हणून कुरण राखण्याचा खर्च लष्कराच्या खर्चांत मिळून जाई. देवस्थानास जमीन इनाम असे, तिच्या उत्पन्नांत पुजारी, दिवाबत्ती व राखण भागे. ज्या कामास जें उत्पन्न लावून दिलें तें त्या कामासच खर्च व्हावें, या ठरावास मोईन म्हणत. हा शब्द आम्हीं लेखाच्या मथळ्यावर मुद्दाम घातला आहे.

या बाबतींत सर्वांत स्पष्ट विचार मांडणारा आपल्याकडील ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचें आज्ञापत्र, इ. स. १७१६ च्या सुमाराचें. त्यांतील दुर्गांचें व आरमाराचें प्रकरण आमच्या वाचकांस परिचित आहे. तथापि तीं प्रकरणें खर्चाच्या दृष्टीनें कोणी वाचल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. गडाभोंवतींची झाडी ही गडाच्या संरक्षणाचाच भाग समजून तींतील काडीही तोडूं देऊं नये, असें तेथें आहे. म्हणजे त्या झाडीचा खर्च गडाच्या शिबंदींत आला. तारवांस लागणारें सागवान सरकारच्या रानांतून परवानगीनें तोडावें, अधिक लागल्यास परमुलखांतून खरेदी करून आणावें. आणि आंबा, फणस यांचें लाकूड आरमाराच्या उपयोगाचें असलें तरी त्यांस हात लावूं नये. कारण हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलेलें असेल तरच धन्याची समजूत घालून, त्याच्या राजीखुषीनें, द्रव्य देऊन तें न्यावें.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. किंमत झाड तोडण्यापूर्वीं ठरते, आणि ती धन्याच्या संमतीनें ठरते. सरकार आपल्या गरजेचा बोजा झाड वाढविणारावर टाकीत नाहीं. ही केवळ दया नव्हे. अमात्यांस राज्याचा हिशेब कळत होता. ज्याचें झाड फुकट गेलें तो दुसरें लावीत नाहीं.

तथापि जुन्या व्यवस्थेचें गुणगान करण्याचा आमचा मानस नाहीं. एक तर हें आज्ञापत्र जळकोटास कधीं लागू नव्हतें. हा मुलूख आदिलशाही, मोंगलाई व पुढें निजामाचा. मराठ्यांचा येथील हक्क मुख्यतः चौथ-सरदेशमुखीचा. दुसरें, कुरणें राखलीं गेलीं तीं घोड्यांकरितां, हरणांकरितां किंवा पक्ष्यांकरितां नव्हेत. त्यांचा निभाव त्यांत आपोआप लागला असेल इतकेंच म्हणतां येतें. आणि तिसरी गोष्ट अधिक अप्रिय आहे. कुरणाचें गवत कापणें व तें वाहून पोहोंचविणें हें काम वेठीनें घेतलें जाई; ती वेठ गांवावर, आणि गांवांतही विशेषेंकरून महारांवर पडे. कागदावर ज्या कुरणाचा खर्च अल्प दिसतो त्याचा खरा खर्च कोणीतरी घामानें भरलेला असतो. जुने हिशेब वाचतांना जमाखर्चांत न आलेली ही रक्कम धरावयाची, असा नियम आम्ही करूं इच्छितों. आजच्या हिशेबांसही तो लागू आहे, हें पुढें दिसेल.

हैदराबाद संस्थानांत १९४९ सालीं जहागिरी खालसा झाल्या. १९५४ च्या कायद्यानें इनामें व रोख नेमणुकी यांची पाळी आली. हें झालें तें योग्यच झालें. परंतु त्याबरोबर विशिष्ट भूमीचें विशिष्ट उत्पन्न विशिष्ट कामास लावण्याची रीतही गेली आणि सर्व उत्पन्न एका खजिन्यांत पडूं लागलें. निजामाच्या कागदांत बनचराई म्हणून जें चराईचें उत्पन्न दिसतें तें अगोदरच खजिन्याचें होतें. चरणाऱ्या रानावर त्यांतील कांहीं परत खर्च करावें असा नियम नव्हता. आतां सर्वच बाबी तशा झाल्या.

आजच्या सरकारी व्यवस्थेंत रक्षित रानांकरितां द्रव्य मुख्यतः तीन वाटांनीं येतें.

पहिली वाट अंदाजपत्रकाची. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १ एप्रिल १९७३ पासून व्याघ्रप्रकल्प सुरू झाला व पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलें मेळघाट होतें. केंद्र सरकार अशा कामांकरितां राज्यांस जें अनुदान देतें त्यांत २०१५-१६ पासून सामान्यतः केंद्राचे ६० व राज्याचे ४० असे हिस्से आहेत. व्याघ्रप्रकल्पाच्या नित्याच्या खर्चांत तर निम्मेनिम. व्याघ्रप्रकल्पाबाहेरील अभयारण्यांकरितां निराळी योजना आहे, पण तिचा ओघ बारीक. दोष रकमेपेक्षां वेळेचा अधिक आहे. वणव्याचे दिवस फाल्गुन-चैत्रांतले. अनुदान वर्षअखेरीस हातीं आलें तर जाळपट्ट्या केव्हां काढावयाच्या? वनरक्षकाचा पगार चालतो, पण पाणवठा कोरडा राहतो.

याच वाटेची एक शाखा वित्त आयोगाची. चौदाव्या वित्त आयोगानें केंद्रीय करांचा वांटा राज्यांत वांटतांना वनाच्छादनास साडेसात टक्के वजन दिलें. पंधराव्यानें तें दहा टक्के केलें. जंगल राखणाऱ्या राज्याचें जें उत्पन्न बुडतें त्याची ही भरपाई होय, आणि तत्त्व म्हणून ती उत्तम आहे. ब्राझीलमधील पाराना प्रांतानें १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच आपल्या विक्रीकराचा कांहीं भाग रक्षित क्षेत्रांच्या प्रमाणांत स्थानिक संस्थांस वांटण्यास आरंभ केला. त्याच जातीची ही योजना. मात्र आपल्याकडे ही रक्कम राज्याच्या खजिन्यांत येऊन थांबते. ती रानावर खर्चावी असें बंधन नाहीं, आणि ज्या जिल्ह्यामुळें ती मिळाली त्यास ती पोहोंचते असेंही नाहीं. शिवाय पंधराव्या आयोगानें मोजलें तें दाट जंगल. गवताळ माळ त्या मापांत येत नाहीं. त्याचें वजन शून्य.

दुसरी वाट दरवाज्याची. २००६ च्या दुरुस्तीनें प्रत्येक व्याघ्रप्रकल्पास एक प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. प्रवाशांकडून येणारें प्रवेशशुल्क व देणग्या या प्रतिष्ठानांत जमा होतात आणि तेथल्या तेथें खर्च करतां येतात. ही खरी मोईन. चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा, जेथें १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे व १९९५ पासून व्याघ्रप्रकल्प, तेथील प्रतिष्ठान या वाटेनें चांगलें सधन झालें आहे. परंतु दरवाजा तेथेंच चालतो जेथें वाघ दिसतो. नळदुर्गासही तिकीट आहे. २०१४ सालीं राज्य सरकारनें महाराष्ट्र वैभव योजनेखालीं तो किल्ला संगोपनाकरितां सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे सोपविला, आणि पाणीमहालावरून पडणारें पाणी पाहावयास पावसाळ्यांत लोक येतात म्हणून ती गोष्ट शक्य झाली. माळाला दरवाजा नाहीं, आणि धाविक पक्ष्याचें अंडें पाहण्यास कोणी तिकीट काढून येत नाहीं. येऊंही नये.

तिसरी वाट सर्वांत मोठी आणि सर्वांत विचित्र. १९९५ सालीं गोदावर्मन तिरुमुलपाद यांनीं सर्वोच्च न्यायालयांत केलेल्या अर्जांतून, १२ डिसेंबर १९९६ च्या हुकुमापासून, वनभूमीविषयीं हुकुमांची जी मालिका सुरू झाली तिच्यांतून ही निघाली. खाण, धरण, रस्ता यांकरितां जो वनभूमि घेईल त्यानें बदली झाडें लावण्याचा खर्च द्यावा, आणि शिवाय त्या वनाचें जें मोल समाजास मुकावें लागतें तें भरावें. या मोलाचा दर २००८ सालीं हेक्टरीं ४.३८ लाखांपासून १०.४३ लाख रुपयांपर्यंत ठरला. अभयारण्यांत त्याच्या पांचपट, राष्ट्रीय उद्यानांत दहापट. पुढें २०२२ सालीं दर वाढले.

पैसा जमला, पण निघेना. २००९ सालीं न्यायालयानें वर्षास सुमारें हजार कोटी सोडण्यास परवानगी दिली तेव्हां राज्यांस प्रथम कांहीं मिळूं लागलें. २०१३ सालीं महालेखापरीक्षकांनीं या सर्व कारभारावर स्वतंत्र अहवाल काढला व तो कोणास भूषणावह नव्हता. अखेर २०१६ सालीं कायदा होऊन प्रतिपूरक वनीकरण निधि स्थापन झाला, ९० टक्के राज्यांस व १० टक्के केंद्रास असा हिस्सा ठरला, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें ४७,४३६ कोटी रुपये राज्यांकडे गेले. महाराष्ट्राचा त्यांतील वांटा ३,८४४ कोटींचा.

रक्कम ऐकून समाधान वाटतें. उगम पाहिला म्हणजे तें टिकत नाहीं. या निधीचें उत्पन्न वाढावयाचें तर अधिक जंगल तुटलें पाहिजे. जुन्या काळीं कोणी देवराईचीं झाडें विकून त्याच देवराईस कुंपण घालण्याची मोईन केली असती तर दप्तरदारानें त्या कागदावर काय शेरा मारला असता याची कल्पना वाचकांनीं करावी. शिवाय मोजमाप वनभूमीचें आहे. गायरान बुडालें तर या निधींत छदामही पडत नाहीं.

आतां जळकोटाच्या आसपासच्या भूमीवर या तिन्ही वाटा कशा पोहोंचतात तें पाहूं.

धाराशिव जिल्ह्यांत जें एक अभयारण्य आहे तें येडशीजवळ रामलिंग घाटाचें. बालाघाटाच्या ओघळींतील रामलिंगाचें देऊळ प्राचीन, भोंवतालची झाडी देवामुळें व दरीमुळें टिकलेली. १९९७ सालीं तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारें २२ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०२४ मध्यें या इवल्याशा रानांत कॅमेऱ्याच्या सांपळ्यानें एका वाघाचें चित्र टिपलें. तो यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून, शेंकडों किलोमीटर शेतें, रस्ते व रूळ ओलांडून आलेला. त्यास पकडण्याकरितां चंद्रपुराकडील पथकही आलें, पण तो हातीं लागला नाहीं. येडशी व बार्शीच्या बाजूस फिरत राहिला. वाघाच्या पाठीमागें द्रव्य जातें असें आम्हीं वर म्हटलें. पण तें जातें नोंदलेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पाठीमागें. वाघ स्वतः चालत दुसऱ्या जिल्ह्यांत आला तर प्रतिष्ठान कांहीं त्याच्याबरोबर चालत येत नाहीं. तेथें उरतात ते थोडे वनरक्षक आणि ज्यांचीं गुरें त्यानें मारलीं ते शेतकरी.

त्या शेतकऱ्यांस सरकार भरपाई देतें. राज्याच्या २०२२ च्या ठरावाप्रमाणें गाय, बैल किंवा म्हैस मारली गेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांत जी रक्कम कमी असेल ती. शेळीमेंढीकरितां हीच रीत, मर्यादा १५,००० रुपये. म्हणजे पंचनामा चोख झाला, कागद वेळेवर पोहोंचले, कोणी आडवें आलें नाहीं, असें धरूनही चौथाई तोटा धन्याच्या अंगीं राहतोच. आमच्या वाचकांस चौथाई हा शब्द निराळ्या अर्थानें ओळखीचा आहे. वाघ साऱ्या देशाचा, पण त्याची चौथ भरणारा एक गांव. अमात्यांनीं फणसाच्या झाडाकरितां जो नियम केला, किंमत पुरी व धन्याच्या राजीखुषीनें, तो अडीचशेंहून अधिक वर्षांनंतर निघालेल्या कायद्यांसही गांठतां आला नाहीं. भरपाई देणारें सरकार कंजूष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. माणूस दगावल्यास मिळणारी रक्कम गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ वाढविली आहे. परंतु नुकसानीनंतरची भरपाई आणि राखणदारीबद्दलची मोईन या दोन भिन्न गोष्टी होत.

दुसरें उदाहरण नान्नजचें, आणि तें अधिक बोधप्रद व अधिक दुःखाचें आहे. सोलापूरच्या उत्तरेस नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी आढळे. त्याच्याकरितां १९७९ सालीं जें अभयारण्य घोषित झालें त्याचें क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर व त्या वेळचा अहमदनगर या जिल्ह्यांतील कित्येक गांवें, शेतें, वाड्या त्यांत आल्या. वनखात्याची स्वतःची जमीन त्यांत फार थोडी; बाकी सर्व शेतकऱ्यांची. सरकारनें भूमि विकत घेतली नाहीं, खंड दिला नाहीं. फक्त नकाशावर रेघ ओढली. जमिनीच्या व्यवहारांस अडथळे येऊं लागले आणि माळढोक म्हणजे संकट अशी समजूत पसरली. जो पक्षी पूर्वीं शेतकऱ्यास निरुपद्रवी पाहुणा वाटे तो आतां सरकारी माणूस वाटूं लागला. अखेर २०१२ च्या सुमारास हें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें. तोंवर पक्षी बहुतेक गेला होता. हल्लीं तो तेथें क्वचित् एखादा दिसला तर बातमी होते.

मात्र याच नान्नजच्या कथेंत एक लहानशी गोष्ट आहे. माळढोकास खरा आसरा मिळाला तो कुंपण घालून राखलेल्या गवताच्या तुकड्यांत, आणि ते तुकडे तयार झाले ते अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाच्या पैशांतून. १९७२ च्या दुष्काळानंतर हा कार्यक्रम सुरू झाला. हेतु होता गवत वाढविण्याचा व माती थोपविण्याचा. पक्ष्याच्या नांवानें काढलेली मोठी रेघ फुकट गेली, आणि वैरणीच्या नांवानें खर्चिलेले थोडे पैसे पक्ष्याच्या कामीं आले. पागेच्या कुरणांत हरणें निभावलीं असतील तशांतलीच ही गोष्ट.

जळकोटसारख्या गांवच्या माळास, जेथें अभयारण्य नाहीं, वाघ नाहीं, आणि कायद्याच्या अर्थानें वनही नाहीं, तेथें यांतील काय लागू पडतें? गायरान सरकारी मालकीचें, वापर गांवाचा. तें खाल्लें जातें अतिक्रमणानें, मुरमाच्या खाणीनें, सरकारी इमारतींनीं. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जगपालसिंग यांच्या खटल्यांत गांवच्या सामायिक जमिनी मोकळ्या ठेवण्याविषयीं कडक निवाडा दिला, त्यास अनुसरून महाराष्ट्रानेंही त्याच वर्षीं ठराव केला. पण निवाड्याबरोबर राखणदाराचा पगार आला नाहीं. आतां सौर कृषि वाहिनी योजनेच्या दुसऱ्या आवृत्तींत खाजगी जमीन भाड्यानें दिल्यास वर्षास हेक्टरीं १,२५,००० रुपये व दरसाल तीन टक्के वाढ असा दर आहे, आणि सरकारी पड जमिनीही त्या कामास लावल्या जात आहेत. वीज पाहिजे यांत वाद नाहीं. पण हिशेब असा उभा राहतो कीं त्याच माळावर कांचेचे तक्ते बसविले तर त्यास भाव आहे, आणि गवत राखलें, त्यांत लांडगा, खोकड, काळवीट, तितर, चंडोल नांदले, तर भाव शून्य. ज्या जिनसेचा भाव शून्य ती बाजारांत फार दिवस राहत नाहीं.

मग सरकारास मोईन बांधतां येत नाहीं काय? येते, आणि दाखला परदेशांत शोधावयास नको. १९७५ सालीं महाराष्ट्रानें व्यवसायकराचा कायदा केला. शहरांतील पगारदार, वकील, व्यापारी यांच्याकडून थोडथोडा कर घ्यावा, सरकारनें तितकीच भर घालावी, आणि तो निधि खेड्यांतील रोजगार हमीच्या कामांसच लावावा, अशी ती योजना होती. मराठवाड्यांतील किती पाझरतलाव, बंधारे व रस्ते त्या पैशावर झाले हें येथील वृद्ध मंडळीस तोंडपाठ आहे. मुंबईच्या कारकुनाच्या पगारांतून कापलेले रुपये तुळजापूर तालुक्यांतील मातीकामावर यावे, याहून स्पष्ट मोईन कोणती? पुढें त्या निधींतही शिल्लक पडून राहूं लागली, ही गोष्ट लपवूं नये; नांव लावून दिल्यानेंच पैसा कामास लागतो असें नाहीं.

बाहेरचे दोन दाखले देतों, कारण ते याच जातीचे आहेत. अमेरिकेंत १९३७ सालीं बंदुका व काडतुसें यांवरील कर वन्य जीवांच्या कामास लावून दिला. त्यांत एक अट आहे ती आम्हांस फार आवडते : शिकारीच्या परवान्यांचें उत्पन्न जो प्रांत दुसऱ्या कामाकडे वळवील त्यास या करांतील वांटा मिळणार नाहीं. दुसरा दाखला कोस्टा रिका या लहानशा देशाचा. तेथें १९९६ च्या वनकायद्यानें इंधनावरील कराचा एक भाग राखून ठेवला आणि जो शेतकरी आपल्या जमिनीवरील रान राखील त्याच्याशीं करार करून त्यास त्यांतून ठराविक रक्कम देण्यास आरंभ केला. नुकसानीनंतर नव्हे, राखणदारीबद्दल. अमात्य असते तर त्यांस हें समजावून सांगावें लागलें नसतें.

आमचें मत असें कीं मराठवाड्याच्या माळांकरितां मोठ्या अभयारण्यांची घोषणा करण्यांत अर्थ नाहीं. नान्नजनें तो धडा पुरता दिला आहे. थोडें क्षेत्र, गांवाच्या संमतीनें, सालोसाल ठरलेल्या खंडानें राखावें. गवत पावसाळ्यानंतर कापून गांवानें विकावें, मात्र पक्ष्यांचीं घरटीं उठेपर्यंत हात लावूं नये. असा खंड सौरतक्त्यांच्या भाड्याइतका कधींच होणार नाहीं हें आम्ही जाणतों. पण शून्य व कांहीं यांतील अंतर हेंच प्रथम तोडावयाचें आहे, आणि ग्रामपंचायतीच्या जमेस एक नांव पडलें म्हणजे त्या भूमीबद्दल विचारणारा कोणीतरी निर्माण होतो.

यास कायद्याचा आधारही तयार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेंत एक समिति, एक नोंदवही व एक स्थानिक निधि सांगितला आहे. व्यापाराकरितां वनस्पति नेणाराकडून शुल्क घेण्याचा अधिकारही समितीस आहे. समित्या कागदोपत्रीं झाल्या. नोंदवह्यांकरितां हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि पुढें दरमहा दहा लाखांच्या दंडाची धास्ती घातली, तेव्हां देशभर वह्या भराभर तयार झाल्या. घाईनें केलेल्या कागदाची पारख आमच्या मंडळीस शिकवावयास नको. ज्या वहींत साऱ्या परगण्याचीं झाडें एकाच क्रमानें येतात ती कोठून उतरली हें अक्षर पाहतांच कळतें. आणि निधि बहुतेक ठिकाणीं नांवालाच आहे.

येथें संग्राहकांचें काम लागतें. गायरान व कुरण यांच्या हद्दी, त्यांवरील चराईचे हक्क, गवत कोणीं कापावें व त्याचा वांटा कोणास, याविषयींच्या जुन्या नोंदी आज निजामी अंमलाच्या मोडी व फारसी कागदांत, कुळकर्ण्यांच्या दप्तरांत आणि देवस्थानांच्या बंदांत विखुरल्या आहेत. किल्ल्याच्या सनदा आम्हीं हौसेनें छापल्या. गवताच्या पावत्या रद्दी म्हणून बाजूस टाकल्या. तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट, उमरगें या टापूंतील ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं मंडळास कळविल्यास त्यांच्या नकला आम्ही करवून घेऊं. अस्सल धन्याकडेच राहील. पाठवितांना कागद कोणत्या दप्तरांतील कोणत्या रुमालांत होता तें लिहावें, आणि रुमालावरील जुनी चिठ्ठी फेकूं नये.